पण मी खोटं बोलतेय का?

रमजानमधे दुपारी तीन-चारला आमच्याकडे कोणाच्यातच काम करायचा जोर नसतो, इफ्तारची तयारी असरच्या म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर, मग तोपर्यंत सगळे पंख्याखाली लोळत बोलत बसतात. चहा नाही, सुपारी नाही, तोंडाला दुसरं काम काय? अमकीचं लग्न का मोडलं, तमक्याने दुबईच्या पैशावर बंगला बांधला पण सख्ख्या भावाला एक खोली दिली नाही वगैरे. कोणीतरी म्हणतं जाऊ दे गं, रोजा आहे, की लगेच ठरलेलं उत्तर, "पण मी खोटं बोलतेय का?"

मला या उत्तराची फार गंमत वाटते, कारण हीच शंका चौदाशे वर्षांपूर्वी थेट पैगंबरांना (स.) विचारून झालीय. त्यांनी सांगितलं की आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असं बोलणं म्हणजे गीबत. विचारणाऱ्याने विचारलंच, पण ती गोष्ट त्याच्यात खरंच असेल तर? म्हणाले, असेल तर गीबत आणि नसेल तर बोहतान, म्हणजे खोटा आळ. झालं, म्हणजे खरं बोललो तरी अडकलो आणि खोटं बोललो तर आणखीनच. कुरआनच्या सूरह हुजुरातमधे तर गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं असं सरळ म्हटलंय, आता सेहरीपासून, म्हणजे पहाटेच्या खाण्यापासून, पाण्याचा थेंबही न घेतलेला माणूस दुपारी हे खातोय म्हणजे कमालच की!

शिव्या, आरडाओरडा यावर बयानात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, नेहमी ऐकतो, ते सोपं आहे कारण कोणालाच ते चांगलं वाटत नाही. अवघड हे साधं, हसतखेळत बोललेलं. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी एकदा त्यांच्या दुसऱ्या पत्नी हजरत सफियांच्या कमी उंचीवरून काहीतरी म्हटलं, तर पैगंबर म्हणाले की तू असा शब्द बोललीस की समुद्राच्या पाण्यात मिसळला तर ते पाणी बदलून जाईल. एवढ्याशा बोलण्यावर एवढं! आणि मला जास्त आवडतं ते हे की ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्याची ही आठवण, आपल्यापर्यंत पोचली ती खुद्द आयशांच्याच तोंडून, त्यांनी लपवली नाही.

आता याचा अर्थ कोणाबद्दल काहीच बोलायचं नाही असा नाही हं. जुलूम झाला तर तक्रार करता येते, फसवणाऱ्यापासून दुसऱ्याला सावध करता येतं, जुने मोठे हदीसचे आलिम इमाम नववींनी अशी सहा कारणं सांगून ठेवलीत. त्यात सोयरिकीची चौकशी पण येते. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्ते कैस यांना दोन स्थळं आली आणि त्या सल्ला विचारायला गेल्या तेव्हा पैगंबरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, म्हणजे मारकुटा आहे, आणि मुआवियाकडे पैसे नाहीत, तू उसामाशी लग्न कर. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, तिथे गोड बोलून काय उपयोग.

ही सवलत मात्र आमच्या पंख्याखालच्या मंडळींना अगदी तोंडपाठ आहे. हटकलं की म्हणणार, अगं चौकशी नको का करायला? फक्त चौकशी करणारीच्या घरात लग्नाचं कोणी नसतं, आणि ज्याची चौकशी चाललेली असते त्याची नातवंडं कॉलेजात असतात.