फॉरमॅट मारू की नको?

कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की सल्ला देणाऱ्यांचा तोटा नसतो आणि सल्लाही सहसा एकच असतो : "फॉरमॅट मारून टाक." नेमकं काय होतंय, कधीपासून होतंय, काल नवीन काय घातलंस, असलं काही विचारायची गरज सल्लागाराला वाटत नाही. मला या सल्ल्याचा राग येतो, कारण तो बहुतेक वेळा लागू पडतो. सगळं पुसलं, नवी विंडोज टाकली आणि मशीन सुरळीत झालं, तर पुढे बोलायला काही उरतच नाही. पण बिघडलं काय होतं? ते आता कुणालाच कळणार नाही. पुरावा पुसूनच आपण मोकळे झालेलो असतो.

मी दुरुस्तीवाल्यांपैकी आहे. त्यात शहाणपण किती आणि खोड किती, हे मला नीट सांगता येणार नाही. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एसएफसीची (विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासणाऱ्या सोयीची) आज्ञा द्यायची, टक्के शंभराकडे सरकताना बघत बसायचं आणि शेवटी निकाल वाचायचा : बिघडलेल्या फाइल्स सापडल्या, पण त्यांतल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. इथे बरेच जण हात टेकतात. खरं तर इथे एक पायरी राहिलेली असते. एसएफसी बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत ठेवते आणि ती प्रत आणते कॉम्प्युटरमधल्याच एका कोठारातून. ते कोठारच नासलेलं असेल तर ती बिचारी देणार कुठून? म्हणून विंडोज ८ पासून आधी डिस्म नावाचं दुसरं साधन चालवायचं असतं. ते विंडोज अपडेटकडून चांगला माल मागवून कोठार भरतं. मग पुन्हा एसएफसी. हा क्रम उलटा केला म्हणून पुसल्या गेलेल्या विंडोज जगात पुष्कळ असतील.

"वर्षातून एकदा फॉरमॅट मारलाच पाहिजे" असं ठणकावून सांगणारे लोक अजून भेटतात. हा समज उगाच तयार झालेला नाही. विंडोज ९५ पासून रजिस्ट्री हे सगळ्या सेटिंग्जचं मुख्य दफ्तर झालं. प्रोग्राम यायचे, जायचे आणि जाताना त्यात आपल्या नोंदी तशाच ठेवून जायचे. त्याहून वाईट म्हणजे सामायिक डीएलएल फाइल्स, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते कोडचे तुकडे. नवा प्रोग्राम स्वतःची आवृत्ती जुनीच्या उरावर ठेवायचा आणि त्यामुळे कालपर्यंत नीट चालणारा तिसराच प्रोग्राम आज कोसळायचा. विंडोज २००० मध्ये सिस्टिमच्या फाइल्सना अशा घुसखोरीपासून संरक्षण मिळालं. त्याच वर्षी आलेल्या 'विंडोज मी' (Me) या आवृत्तीमध्ये सिस्टिम रिस्टोअर आलं आणि मशीन आधीच्या तारखेला नेऊन ठेवायची सोय झाली. म्हणजे वार्षिक फॉरमॅटचं मूळ कारण केव्हाच विरलं, व्रत तेवढं चालू राहिलं.

शिवाय पुष्कळदा दोष विंडोजचा नसतोच. डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, मरू लागलेले असतात, रॅमची पट्टी मधूनच चुकीचं उत्तर देते किंवा पंख्यात इतकी धूळ बसलेली असते की तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. अशा मशीनवर नवी विंडोज टाकली तर थोडे दिवस बरं वाटतं, दोष डिस्कचा असेल तर विशेषच, कारण फाइल्स तिच्या वेगळ्या जागी जाऊन बसतात. मग पुन्हा तेच. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती नोंद वाचायला आणि रॅमची तपासणी लावायला फॉरमॅटपेक्षा पुष्कळच कमी मेहनत पडते. तरी लोक तिकडे वळत नाहीत, कारण त्यात काहीतरी केल्यासारखं वाटत नाही. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (काहीही न फिरणारी वेगवान डिस्क) बसवली, की जी गती येते तिचं श्रेय मात्र हटकून "नवी विंडोज टाकली ना!" हिला मिळतं.

मला पूर्वी वाटायचं की दुरुस्ती आणि फॉरमॅट हे दोन वेगळे रस्ते आहेत. आता त्यांच्यामधली भिंत बरीचशी पडली आहे. विंडोज चालू असतानाच तिच्याच आवृत्तीची सेटअप फाइल चालवली आणि फाइल्स व ॲप्स ठेवा म्हटलं, तर सगळी सिस्टिम नवी होते आणि आपला पसारा जागच्या जागी राहतो. हिला दुरुस्ती म्हणा, नाहीतर नवी विंडोज म्हणा. २०१२ मध्ये विंडोज ८ ने रिफ्रेश आणि रीसेट अशी दोन बटणं दिली. विंडोज १० मध्ये त्यांचं एकच रीसेट झालं आणि फाइल्स ठेवायच्या की नाही, ते ती विचारू लागली. मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून रिकव्हरी नावाच्या दुरुस्तीच्या सोयीत शिरून सिस्टिम पुन्हा टाकता येते. डिस्क आपण होऊन पुसली नाही, तर कागदपत्रं शाबूत राहतात. लिनक्सवाले तर होम फोल्डर, म्हणजे स्वतःच्या सगळ्या फाइल्स, डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) ठेवून निवांत असतात. त्यांना सिस्टिम बदलायला फक्त कंटाळा पुरतो.

एका प्रसंगी मात्र मी दुरुस्तीचं नाव काढत नाही : व्हायरस सिस्टिमच्या मुळाशी शिरला असेल तेव्हा. रूटकिट नावाची जात अशी, की फाइल्सची यादी मागितली तर स्वतःचं नाव गाळून यादी देते. अशा सिस्टिमलाच "तू बरी आहेस ना?" विचारणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखं आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात याच्याही पुढचं दाखवलं होतं : कंपायलरमध्येच (लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्येच) अशी गडबड करता येते, की मूळ कोड कितीही वाचला तरी ती दिसत नाही. तेव्हा बाहेरून, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हने सगळं पुसायचं. तिथे भावनेला जागा नाही.

भावना आड येते ती बाकीच्या वेळी. "बॅकअप घेतलाय ना?" या प्रश्नाला आपण "हो" म्हणतो, तेव्हा आपल्या मनात फोटो आणि कागदपत्रं असतात. ती परत येतातच. येत नाही ते वेगळंच काही : स्पेलचेकला शिकवलेले शब्द आणि आडनावं, दोन अक्षरं मारली की पूर्ण होणारे पत्ते, नेमक्या मापाचा करून ठेवलेला टेम्प्लेट, उजवीकडून डावीकडे नेलेली पट्टी. हे सगळं ॲपडेटासारख्या लपवलेल्या फोल्डरांत असतं आणि ते आपण साठवलंय, हेच आपल्याला ठाऊक नसतं. नव्या विंडोजवर काम करताना आठवडाभर हात चुकीच्या जागी जात राहतो. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कुठे आहे, ते आधी शोधावं. ती त्याच मशीनमध्ये जपून ठेवलेली सापडते, असंही होतं.

हल्ली मी दुरुस्तीला एका संध्याकाळची मुदत देतो. कारण सापडलं तर दुरुस्त करायचं, मग कितीही वेळ लागो. मुदतीत कारणच सापडलं नाही तर नवी विंडोज टाकायची, पण जमल्यास नव्या एसएसडीवर. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची. काही राहिलं असं वाटलं की ती जोडून बघता येते, आणि पुरावाही शिल्लक राहतो. तपासाची हौस पुढे कधीतरी भागवता येते.

नवी डिस्क नसेल तर फाइल्स ठेवून रीसेट. ते संपल्यावर विंडोज डेस्कटॉपवर काढून टाकलेल्या प्रोग्राम्सची यादी ठेवून जाते. या सगळ्या उद्योगातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ती. पहिल्या काही नावांवर "हे लागेलच" अशी खूण होते. मधली नावं ओळखू येत नाहीत. मग एका प्रिंटरचे चार वेगवेगळे प्रोग्राम, तो प्रिंटर आता घरात नाही. आणि तळाशी कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारे दोन, दोघेही मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या आधी उठून बसणारे.