आठ माग, एक भूत : आमच्या पहिल्या भयपटाचा अनुभव

आमच्या फिल्ममध्ये भूत नाही. होतं. पांढऱ्या साडीतलं, केस मोकळे सोडलेलं, तोंडाला पावडरीचा जाड थर फासलेलं. एडिट करताना मीच ते काढून टाकलं. ज्या मैत्रिणीनं त्या अवतारात डास मारत तीन तास काढले होते, तिला हे सांगायची पाळीही माझ्यावरच आली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला पाच ते सात मिनिटांची लघुफिल्म करायची असते. शूटिंग, आवाज, एडिटिंग सगळं विद्यार्थ्यांनीच. आमचा पाच जणांचा गट होता. जेऊरचे नागराज मंजुळे सिनेमात मोठे झाले तेव्हापासून आमच्या सोलापूर जिल्ह्यात मोबाइलवाला प्रत्येक पोरगा मनातून दिग्दर्शक आहे, त्यामुळे दिग्दर्शन कोण करणार यावर आमच्यात दोन दिवस भांडण चाललं. एडिटिंग कोण करणार यावर अर्धं मिनिटही लागलं नाही. लॅपटॉप माझ्याकडे होता, विषय संपला.

भयपट निवडला तो निव्वळ आळसापोटी. पात्रं कमी लागतात, आणि रात्री शूट केलं की मागचं काही दिसत नाही, त्यामुळे सेट नको, असा आमचा हिशेब. यातला दुसरा भाग किती चुकीचा होता ते पहिल्याच रात्री कळलं.

जागा आधी भुईकोट किल्ल्याची सुचली. ती प्रत्येक बॅचला सुचते. मग गटातला एकजण म्हणाला, "आमच्या मामाच्या कारखान्यात करू की बे." सोलापूरच्या पूर्व भागातला आठ यंत्रमागांचा कारखाना, वर पत्रे, चादरीचं काम. मामांना सगळी गल्ली अन्ना म्हणते, आम्हीही तेच म्हणायला लागलो. अन्नांनी अट घातली: सुट्टीच्या रात्रीच यायचं, बाकी दिवस काम चालू राहणार. म्हणजे आठवड्याला एक रात्र, अशा तीन रात्री. या अटीनं पुढं आमची फजिती केली, पण ते शेवटी सांगतो.

गोष्ट साधी होती. रात्रपाळीच्या बापाला डबा द्यायला मुलगी कारखान्यात येते. बाप दिसत नाही. सगळे माग बंद, फक्त कोपऱ्यातला एक आपोआप चालतोय. मग भूत. संहिता वाचून सरांनी भुताबद्दल चकार शब्द काढला नाही. "आवाज कोण घेणार?" एवढंच विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोबाइल घेतो की सर आवाज, आपोआप.

पहिली रात्र जवळजवळ सगळी वाया गेली. अंधार दाखवायचा म्हणून आम्ही एक सोडून सगळे दिवे बंद केले. मोबाइलनं अंधार ओळखला आणि स्वतःच आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवला. पडद्यावर काळोख दिसायच्या ऐवजी मुंग्या वळवळल्यासारखे दाणे दिसायला लागले. फोकसही सारखा आत-बाहेर हिंदकळत होता, त्याला अंधारात धरायला काही सापडत नव्हतं. त्यात ट्यूबलाइट असलेल्या प्रत्येक शॉटमध्ये आडवे काळे पट्टे वरून खाली सरकत होते. आमच्या कॅमेरावाल्याला आधी वाटलं मोबाइल गेला. मग वाटलं, खरंच काहीतरी आहे इथं.

काही नव्हतं, आपली वीज होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. मोबाइल मात्र सेकंदाला ३० फ्रेमवर, स्वतःच्या मनानं शटर ठरवत शूट करत होता आणि त्या लुकलुकण्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. सरांनी सांगितलं, २५ फ्रेम ठेवा, शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर अडकवा. त्यासाठी मॅन्युअल कंट्रोल देणारं अॅप टाकलं, आयएसओ, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक केलं. पट्टे गेले. आणि अंधाराचं म्हणाल तर तो दिवे लावूनच करावा लागतो. जिथं बघायचं तिथं नीट उजेड पाडायचा आणि बाकीचा अडवायचा. उजेड परतवायला थर्माकोलचा तक्ता आणला. अडवायला काय, चादरींच्या कारखान्यात चादरींना तोटा? खिडक्यांना चादरी, दाराला चादरी, एलईडी पॅनलच्या कडेला चादर. मुंबईत यासाठी काळ्या कापडाच्या फ्रेमा भाड्यानं आणतात म्हणे.

दुसऱ्या रात्री कॅमेरावाला धूप घेऊन आला. धूर हवा, धुराशिवाय हॉरर कसला. अन्नांनी दारातच अडवलं. "वेडा झालास काय? सगळीकडं सुताची धूळ आहे. एक ठिणगी पडली की आठी माग जातील." धूप बाहेर राहिला. पण त्यांच्या बोलण्यातला धूळ हा शब्द आमच्या दिग्दर्शिकेनं पकडला. तिनं एका मागावर हात आपटला आणि मागच्या बाजूनं टॉर्च मारला. तंतू हवेत तरंगायला लागले, संथ, खाली न पडणारे. फुकटचं धुकं. समोरून टॉर्च मारला तर त्यातलं काहीच दिसत नाही, उजेड मागूनच यायला हवा.

त्याच रात्री आम्हाला फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट मिळाला, तोही चुकून. जेकार्डच्या मागावर डोक्याच्या वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. पत्त्यांना भोकं पाडलेली. कुठं भोक आहे आणि कुठं नाही यावर कोणता धागा वर उचलायचा ते ठरतं, त्यातूनच चादरीवरची नक्षी उतरते. वायर सोडवायला म्हणून कुणीतरी पॅनल त्या माळेच्या मागं नेऊन ठेवला, आणि खाली उभ्या असलेल्या आमच्या नायिकेच्या तोंडावर उजेडाचे ठिपकेच ठिपके पडले. कामगार काकांनी हळूच माळ हलवली. ठिपके तिच्या डोळ्यांवरून सरकत गेले. कुणी 'अॅक्शन' म्हटलंच नव्हतं. कॅमेरा चालू होता हे नशीब.

नायिका आमच्याच वर्गातली, तिला घाबरण्याचा अभिनय जमत नव्हता. डोळे मोठे केले की तिला स्वतःलाच हसू यायचं. तेव्हा वर्गात शिकलेला कुलेशोव्ह कामाला आला. त्या रशियन दिग्दर्शकानं शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच कोरा चेहरा एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. परीक्षेत पाच मार्काला येतो. आम्ही तिला सांगितलं, काही करू नकोस, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाच. ती वाचत राहिली. पुढं त्या चेहऱ्याला चालता माग जोडला तर बघणारे म्हणाले, पोरगी काय घाबरलीय!

तिसरी रात्र भुताची. मार्च लागला होता, पत्र्यांनी दिवसभराचं ऊन धरून ठेवलेलं. मोबाइल दोनदा तापून बंद पडला, तो टेबल फॅनसमोर धरून थंड करायचा, तोवर भुताचा मेकअप ओघळायचा. त्या रात्रीबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, मैत्रीण वाचेल.

मग माझं काम सुरू झालं आणि पहिल्याच क्लिकला घाण केली. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घेतली होती. पहिली क्लिप टाकताना त्यानं विचारलं, क्लिपचा फ्रेमरेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का? मी न वाचता नाही म्हटलं. प्रोजेक्ट २४ वर, क्लिपा २५ च्या, आणि एकदा क्लिपा आत गेल्या की तो आकडा बदलता येत नाही. हे कळलं दोन दिवसांचं काम झाल्यावर. नवा प्रोजेक्ट उघडून सगळं पुन्हा लावलं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ गचके खात होता, म्हणून हलक्या प्रॉक्सी फाइली करून घेतल्या. आणखी एक त्रास: दुसऱ्या मोबाइलवर घेतलेले संवाद शॉटच्या सुरुवातीला वाजवलेल्या टाळीच्या जागी जुळायचे आणि तीन-चार मिनिटांत ओठांच्या मागं पडायचे. मोबाइलचा फ्रेमरेट एकसारखा नसतो, कामाच्या ताणाप्रमाणे किंचित हलतो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून क्लिपा स्थिर फ्रेमरेटवर काढल्या तेव्हा ओठ आणि शब्द एकत्र आले.

पहिला कट १४ मिनिटांचा झाला. पाचही जणांनी बघितला. भूत आलं तेव्हा मी त्यावर इंटरनेटवरून घेतलेली किंकाळी टाकली होती. सगळे हसले. भूतसुद्धा हसलं.

माझा सगळा जीव त्या चालत्या मागाच्या आवाजावर होता. रिकाम्या कारखान्यात माग आपोआप खटखटायला लागतो, याहून भयानक काय असणार? तो आवाज आत जाऊन घेतला तर फाटला, स्क्रीनवर आवाजाच्या लाटेची टोकं वरून सपाट कापल्यासारखी. रेकॉर्डिंगची पातळी खाली आणली तरी आत गोंगाटच. म्हणून एका संध्याकाळी, कारखाना चालू असताना, समोरच्या घराच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड करत होतो. तिथं अन्नांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे अव्वा म्हणतात.

"काय करायलास?" अव्वांनी विचारलं.

"मागाचा आवाज घेतोय, अव्वा. भुताच्या फिल्मसाठी."

"मागाचा काय भीती?" त्या म्हणाल्या. "माग चालतंय तोवर झोप येतंय. बंद पडलं की जाग येतंय."

मी काही बोललो नाही. मोबाइल चालूच होता. पाळी संपत आली होती, आत एकेक माग थांबत होता. आठाचे सात झाले ते मला कळलंच नाही. सहा झाले तेही नाही. तीन राहिले तेव्हा कानांना काहीतरी कमी वाटलं. मग दोन, त्यांचे ठोके एकमेकांत अडखळणारे. मग एक. आणि मग गल्लीच रिकामी झाल्यासारखं वाटलं. अव्वांनी डोळे उघडून दाराकडं बघितलं.

आम्ही उलटी फिल्म केली होती. पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मागाच्या खटखटीनं कोण घाबरवणार? घरोघरची बाळं त्यावर झोपतात. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या बंद पडल्या त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालोय. आवाज थांबणं म्हणजे काय ते या गावाला कुणी समजावून सांगायला नको. सुचायला हवं होतं.

रात्री घरी येऊन फिल्म मोडली. मुलगी कारखान्यात येते तेव्हा आता आठही माग चालू असल्याचा आवाज आहे. चालते माग दाखवलेच नाहीत, फक्त ती, तिचा डबा आणि धूळ. ती आत चालत जाते आणि आवाजाचे थर एकेक करून निघून जातात, चाळीस सेकंदांत. अव्वांच्या ओट्यावर घेतलेलंच रेकॉर्डिंग, थोडं आवळलेलं. एकच माग उरतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ठिपके सरकतात. मग तोही थांबतो.

इथं पुन्हा अडलो. आवाज काढून टाकला की शांतता मिळेल असं वाटलं होतं, पण टाइमलाइनवर रिकामी जागा म्हणजे टीव्ही म्यूट केल्यासारखं होतं. बघणारा घाबरत नाही, स्पीकर तपासतो. खोलीला स्वतःचा आवाज असतो, तो वेगळा घ्यावा लागतो. पुन्हा सुट्टीच्या रात्री जाऊन बंद कारखान्यात श्वास रोखून एक मिनिट रेकॉर्ड केलं. त्यात पत्र्याची कुरकुर आली, लांबचं कुत्रं आलं, नळाला पाणी यायची वेळ होती म्हणून पाइपातली हवा आली. ती पाइपातली हवा मी जन्मात तयार करू शकलो नसतो.

आता भूत आलं की सगळं फुकट जात होतं. दोन रात्री मी त्याला वाचवायचा प्रयत्न केला. लांब नेलं, अस्पष्ट केलं, अर्ध्या सेकंदावर आणलं. शेवटी त्याच्याशिवाय बघितलं आणि लॅपटॉप बंद करून मैत्रिणीला फोन लावला. "तीन तास, बे," एवढंच ती म्हणाली. श्रेयनामावलीत तिचं नाव सगळ्यात वर आहे.

फिल्म ६ मिनिटं ४० सेकंदांची झाली. कॉलेजात दाखवायच्या आधी अन्नांच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून दाखवली. अन्ना, अव्वा, शेजारची पोरं आणि माळ हलवणारे कामगार काका. माग थांबायला लागले तशी पोरं गप्प झाली. अव्वा पदर धरून बसल्या. संपल्यावर काका पुढं सरकले, "जरा मागं घे," म्हणाले.

मी मागं घेतली.

"हे बघ. लांबून दाखवलं तेव्हा धोटा डाव्या पेटीत आहे. आता जवळून बघ, उजवीकडं." त्यांनी टीव्हीवर बोट ठेवलं. धोटा आडवा धागा घेऊन मागाच्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पळतो, तोही माग चालला तरच. "मधी तर माग बंद होता नव्हं?"

लांबचा शॉट पहिल्या पट्टेवाल्या रात्रीतला एकुलता वाचलेला, जवळचा दुसऱ्या रात्रीचा. मधे आठवडाभर कारखाना चालला होता, धोटा कुठं थांबला याचा फोटो आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता. पण तो शॉट मी शेकडो वेळा बघितला होता आणि मला दिसला नव्हता. खोलीत कुणी बोलेना. शेजारचा एक पोरगा उठून आईकडं जाऊन बसला.

दिग्दर्शिकेनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. शॉट आहे तसाच ठेवला.