तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं?

"ताई, आमची मांजर कालपासून ओरडूनच राहिली. पोट दुखत असंल का तिचं?"

संक्रांत झाली की नागपुरात आमच्या मानेवाड्यात हे कोणी ना कोणी विचारतंच. मी आधी वय विचारते. बहुतेकदा पाच-सहा महिने. पोट दुखत नाही, ती माजावर आलीय, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग ऑपरेशन कधी करायचं? एक वेत तरी होऊ द्यावं ना?"

नका होऊ देऊ. पाच महिने पुरे व्हायच्या आत करून टाका.

माझ्या मांजरीच्या, चिंगीच्या वेळी मी थांबले होते, म्हणून इतकं ठासून सांगते. एका सकाळी ती स्वयंपाकघरात फरशीला छाती टेकून पडलेली दिसली. मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला, मागचे पाय जागच्या जागी तुडवत होती. मला वाटलं, कंबरेला मार लागला. पाठीवरून हात फिरवला तर आणखीच वाकली आणि असा लांब, आर्त आवाज काढला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. जेमतेम पाच महिन्यांची, दोन किलोची पोर होती ती.

एक वेत झालं की मांजर निवते, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं. आठवड्याने ती शांत झाली, दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाथरूमच्या खिडकीतून निसटली. नऊ आठवड्यांनी चार पिल्लं झाली. तिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नव्हती, अंगावर दूध पुरेना. दोन पिल्लं ड्रॉपरने पाजता पाजता माझ्या हातातच गेली. उरलेली दोन अजून लुचत होती, तेवढ्यात चिंगी पुन्हा बोक्याला हाका मारू लागली. पाजती मांजर गाभण राहत नाही, हा समज साफ खोटा आहे.

मांजरीचा माज उजेडावर चालतो. संक्रांतीपासून दिवस तीळतीळ वाढतो म्हणतात ना, तो तीळ तिच्या शरीराला कळतो. घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट असेल तर हिवाळ्यातही माज येऊ शकतो. शिवाय बोका लागल्याशिवाय तिचं बीज सहसा सुटत नाही. म्हणून बोका लागला नाही तर माज फिरून फिरून येतो, आणि लागला तर ती गाभण राहतेच म्हणा.

वेत झाल्याने तब्येत सुधारते, याला काहीही आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे. मांजरीच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात, म्हणून हा आकडा मला फार मोठा वाटतो. गर्भाशयात पू होण्याची भीतीही जाते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१७ साली पाच महिन्यांचीच शिफारस उचलून धरली.

"एवढासा जीव, झेपेल का?" झेपतं. या वयात पोटात चरबी कमी असते, रक्त कमी जातं, जखम लवकर भरते. फक्त लशी आधी झालेल्या असू द्या. लहान मांजरीला रात्रभर उपाशी ठेवू नका, तिची साखर उतरते. किती तास ते डॉक्टरांनाच विचारा. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरीला ते विष आहे.

पिल्लांनी दूध सोडल्यावर चिंगीचं ऑपरेशन केलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिरपी तिरपी चालत कूलरच्या स्टँडला धडकली आणि तिथेच माझ्या जुन्या ओढणीवर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर चढून बसलेली. भूक मात्र वाढली, वाटी थोडी लहान करावी लागली.

परवा विचारणाऱ्या वहिनींना खिडक्या नीट लावून घ्यायला सांगितलंय. माज ओसरला की त्यांच्या मांजरीला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला नेणार आहोत. चिंगीची टोपली मी उन्हात घालून ठेवलीय.