नवतप्यातली एक तक्रार

घरोघरच्या इंटरनेट जोडण्यांची देखभाल करणे हे माझे काम. मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागल्यावर, नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्यातून तिसऱ्यांदा तीच तक्रार आली: काकूंच्या फोनवर वायफाय टिकत नाही, लेकीशी व्हिडिओ कॉल सुरू केला की चित्र थिजते. पहिली खेप माझीच होती. तेव्हा सकाळी साडेनऊला जाऊन मी फोनमधील जोडणी पुसून नव्याने जोडली, राउटरचा चॅनल बदलून 11 केला आणि कॉल नीट चालतो हे पाहून निघालो. दुसऱ्या खेपेला सहकाऱ्याने राउटरच बदलून दिला. दरम्यान मुलाने नवा फोनही आणला होता.

या वेळी दुपारी गेलो. काकू बसतात त्या मागच्या खोलीतून, फोनवरून थेट राउटरच्याच 192.168.1.1 या पत्त्यावर पिंग लावले, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहिले. जवळजवळ निम्मी उत्तरे परत येत नव्हती, तेव्हा दोष बाहेरून येणाऱ्या फायबरचा नसून राउटर आणि फोन यांच्यामधल्या हवेतच आहे, हे नक्की झाले. सिग्नलचा आकडा उणे 76 ते उणे 84 डीबीएम (सिग्नलची शक्ती डेसिबलमध्ये मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) असा सारखा हेलकावत होता. तो फार खाली गेला की फोन आपणहून मोबाइल डेटावर जाई, जाड भिंतींआड तोही अशक्त असल्याने पुन्हा वायफायकडे वळे, आणि या ये-जा करण्यात कॉल तुटे.

“सकाळी बराबर चालते जी, कूलर लावला का मंग ते गोल गोल फिरत राहाते,” काकू म्हणाल्या. हे वाक्य पहिल्या खेपेलाही माझ्या कानावरून गेले होते. दुपारी वापर वाढत असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी ते सोडून दिले होते.

राउटर समोरच्या बैठकीत, मध्ये चौक, आणि चौकाकडे उघडणाऱ्या खोलीच्या खिडकीत होळीनंतर बसवलेला पत्र्याचा कूलर. भिंती एवढ्या रुंद की सिग्नलला खिडकीखेरीज खरी वाट नव्हती. पत्रा रेडिओलहरींना अडवतोच. पण गवताच्या ताट्या कोरड्या असल्या की त्यांच्यातून बऱ्याच लहरी आरपार जातात, आणि त्याच ताट्या पाण्याने निथळू लागल्या की लहरी शोषून घेतात. शिवाय पंख्याची धातूची पाती फिरताना वाट क्षणोक्षणी बदलतात, म्हणून आकडा ठरत नव्हता.

खात्रीसाठी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. नागपूरच्या मे महिन्यात ताट्या वाळायला कितीसा वेळ लागणार! काका-काकूंनी गरम झोत निमूटपणे सोसला आणि पंचविसेक मिनिटांत आकडा उणे 70च्या आसपास आला. दर 3 डेसिबलला शक्ती निम्मी किंवा दुप्पट होते, हे धरले तर फोनला आता सुमारे दहापट सिग्नल मिळत होता. पंप लावला; दहा मिनिटांत आकडा पुन्हा घसरला.

कूलर काढा, असे त्या दिवसांत कोणाला सांगणार? कूलरची हवा बाहेर जावी म्हणून खोलीचे ओसरीकडचे दार उघडेच ठेवावे लागते, त्याचाच उपयोग केला. पंधरा मीटर केबल वळचणीखालून ओढून राउटर ओसरीवर, त्या दाराच्या रेषेत उंचावर बसवला आणि फोनमधील आपोआप मोबाइल डेटावर जाण्याची सोय बंद केली. कूलर पूर्ण चालू असताना आकडा उणे 58 वर स्थिरावला. लेकीचा कॉल वीस मिनिटे चालला. त्यातली पंधरा मिनिटे कैरीच्या लोणच्यावर गेली.

निघताना काकूंनी हळूच विचारले, जुना फोन नातवाला देऊन टाकला आहे, त्यातली अक्षरे मोठी होती, आता तो परत मागितला तर बरे दिसेल का?