आमची वाटचाल : सव्वा मिलिमीटरचा धंदा

आबांच्या जुन्या, काचेच्या प्लेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यावर फिल्म घालून मी काढलेल्या पहिल्याच फोटोत आईचं नाक अगदी कोरून काढल्यासारखं आलं आणि डोळे पुसट. आई म्हणाली, "चांगला आलाय की!" मला मात्र रात्रभर झोप नाही. कॅमेऱ्याच्या पाठीच्या घासलेल्या काचेवर मी फोकस डोळ्यांवरच धरला होता, भिंग लावून दोनदा बघितला होता.

चूक होल्डरमध्ये, म्हणजे प्लेट धरणाऱ्या चपट्या डबीत होती. काचेची प्लेट साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते, शीट फिल्म जेमतेम ०.२. मी फिल्म होल्डरच्या पाठीला टेकवून चिकटवली, म्हणजे ती प्लेटच्या जागेपेक्षा एक मिलिमीटर मागे गेली. आठ इंची लेन्स आणि पाच फुटांवर बसलेलं माणूस, एवढ्यात तो एक मिलिमीटर समोर चार सेंटिमीटर होतो. डोळ्यांवरचा फोकस नाकाच्या शेंड्यावर.

जुने प्लेटचे कॅमेरे फिल्मवर चालते करणारं आमचं दुकान चाळीसगावात. आबांचा स्टुडिओ, पुढे वडिलांचं पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमचं काम. हाफ प्लेटचा (पावणेपाच बाय साडेसहा इंची काचेचा) सागवानी कॅमेरा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडलेला. शाळेत असताना आम्हाला स्टेशनजवळ केकी मूस यांच्या घरी नेलं होतं. टेबलावर चार वस्तू मांडून अख्खं दृश्य उभं करणारा हा माणूस (१९१२–१९८९) आमच्याच गावात राहायचा, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरी येऊन मी माळ्यावर चढलो, ओरडा खाल्ला आणि उतरलो. कॅमेरा खाली यायला पुढे वीस वर्षं लागली.

पहिलं बाहेरचं काम धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाकडून आलं, त्यांच्या पणजोबांचा फुल प्लेट, म्हणजे आणखी मोठ्या काचेचा कॅमेरा. तेव्हा आम्हाला अक्कल कमी आणि उत्साह फार. मागची चौकट करवतीने कापली आणि आजचे ४×५ इंचाचे होल्डर बसतील अशी नवी पाठ जोडली. काम सुबक झालं, पैसे मिळाले. सहा महिन्यांनी त्यांना घरातल्या ट्रंकेत कॅमेऱ्याचे मूळ तीन होल्डर सापडले. ते घेऊन आले, बसवून पाहिले, बसेनात. एक शब्द बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. तेव्हापासून जुन्या लाकडाला आमच्याकडे करवत लागत नाही. बसवलेलं सगळं उद्या काढता आलं पाहिजे.

मग उरतो शीथ. पातळ पत्रा, तीन कडा आत दुमडलेल्या, चौथी उघडी. अंधारात त्या बाजूने फिल्म सरकवायची आणि प्लेट म्हणून होल्डरमध्ये टाकायची. मागची स्प्रिंग त्याला पुढे दाबते, म्हणून फिल्म जवळपास काचेच्याच जागी येते. ही काही आमची अक्कल नव्हे. जग काचेकडून फिल्मकडे वळलं तेव्हा कॅमेऱ्यांबरोबर असे शीथ मिळायचे. आज हाफ प्लेटचे शोधून सापडत नाहीत, इतकंच.

पहिले शीथ तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे केले. दुमड फुगायची, होल्डरचं झाकण अडकायचं, फिल्मवर चरे. पत्रेवाल्याने हात टेकले. शेवटी जळगावच्या सराफ बाजारातल्या एका नानांकडे गेलो. पितळी पत्रा त्यांनी मशीनमधून लाटून ०.३ मिलिमीटरवर आणला आणि लाकडी मोगरीने कड अशी बसवली की नखाला लागेना. मी तोंड उघडून बघतोय हे पाहून म्हणाले, "आरे भो, हाई ते मन्हं रोजनं काम शे." आजही कडा तेच दुमडतात. काळा रंग आणि मोजमाप आमच्याकडे.

कड ०.३ ची, म्हणजे फिल्म अजूनही तेवढी मागे. त्यासाठी फोकसच्या काचेखाली झेरॉक्सच्या कागदाच्या तीन पट्ट्या घालतो. एक कागद साधारण ०.१. हसू नका, व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या शेपटीने मोजून घालतो. त्याआधी काच उलटी तर नाही ना, हे नखाने बघावं. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. आलेल्या कॅमेऱ्यांत कुणीतरी काच बदलून ती उलटी बसवलेली आम्हाला कैकदा दिसली आहे, आणि मालक लेन्सला दोष देत असतो.

फिल्मचा प्रश्न वेगळाच. फिल्म बनवणारी इल्फोर्ड कंपनी अशा आडमापांच्या ऑर्डरी वर्षातून एकदाच घेते, आणि परवडायलाही हव्यात. म्हणून सरावाला आम्ही एक्स-रे फिल्म देतो. ८×१० इंचाच्या एका शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. ११९×१६३ मिलिमीटर कापायचे, पूर्ण मापाचे कापले तर शीथमध्ये अडकतात. लाल दिव्यात कापता येते ही मोठी सोय, कारण तिला लाल दिसत नाही. म्हणूनच कपाळावरचं कुंकू काळंभोर उमटतं. एका सुनेने सासूबाईंचा असा फोटो बघून तो परत काढायला लावला होता. इमल्शन, म्हणजे चित्र टिपणारा थर, दोन्ही बाजूंना असतं, त्यामुळे ट्रेमध्ये जरा घसटलं की ओरखडा.

आणि आमचा उन्हाळा! डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा आणि मे महिन्यात पारा ४४च्या वर. टाकीच्या पाण्यात इमल्शन साबणासारखं निसटायला लागतं. माठातलं पाणी, त्यात बर्फाच्या पिशव्या, काम पहाटे साडेचारला. एप्रिल ते जून आम्ही फक्त लाकूड, पत्रा आणि भात्याची (लेन्स आणि पाठ यांमधल्या घडीच्या पिशवीची) कामं घेतो, डेव्हलपिंग बंद. गिऱ्हाईक रुसतं, रुसू दे.

सध्या टेबलावर केरळात अलेप्पीला बनलेला वागीश्वरी कॅमेरा आहे. भात्याच्या घड्यांना भोकं आहेत, होल्डर एकच, तोही वाळवीने खाल्लेला. मालक म्हणतात, "दिवाळीच्या आत द्या." नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पुढचे पंधरा दिवस मोगरी बंद आहे. मालकांना तसं कळवलं आहे.