तुम्ही विचारलंत म्हणून : हा एवढा मोठा मॉनिटर अजून का?

घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढून आत आला की टेबलाकडे बघतो आणि विचारतो, "हे काय, अजून पिक्चर ट्यूबवालं?" गेम्सच्या कामातली तरुण मुलं येतात तेव्हा प्रश्न थोडा बदलतो: "ताई, हा चालू कसा ठेवता?" दोन्ही प्रश्न इतक्यांदा विचारले गेलेत की एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

माझ्या टेबलावर सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू 900 आहे. हा 2000 च्या आसपासचा मॉडेल. ट्यूब 24 इंची, त्यातली दिसणारी 22.5 इंच, आणि आकार 16:10, म्हणजे आजच्या लॅपटॉपसारखा रुंद. रुंद पडद्याचे ट्यूबवाले कॉम्प्युटर मॉनिटर मुळातच फार थोडे निघाले. हा सोनीच बनवायची. सन, सिलिकॉन ग्राफिक्स आणि एचपी या कंपन्या आपापलं नाव लावून त्यांच्या वर्कस्टेशनबरोबर विकायच्या. वजन 42 किलो. मी न्यू जर्सीत असताना एक एडिटिंग स्टुडिओ सामान काढत होता, तिथून तो घेतला, आणि पुण्याला परतताना घरसामानाच्या कंटेनरमधून आणला. नातेवाइकांनी तेव्हाच वेड्यात काढलं होतं.

का वापरते, त्याचं खरं कारण एकच: हलतं चित्र यावर स्वच्छ दिसतं. मी टू-डी गेम्स करते. पात्र धावतं, मागचं जंगल सरकतं, आणि ते सरकताना पान न् पान दिसतंय की नाही हे मला बघायचं असतं. साधा एलसीडी 60 हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवताना, प्रत्येक चित्र जवळजवळ 17 मिलिसेकंद तसंच धरून ठेवतो. आपली नजर मात्र सरकत्या वस्तूबरोबर सरकत असते, म्हणून ते थांबलेलं चित्र डोळ्यात फरफटतं. वस्तू सेकंदाला 960 पिक्सेल वेगाने जात असेल तर ही फरफट 16 पिक्सेलची होते. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरवर (चमकणाऱ्या थरावर) पडतो, तो ठिपका चमकतो आणि साधारण एका मिलिसेकंदात विझतो. पुढच्या फेरीपर्यंत तिथे अंधार. त्यामुळे फरफट उरतच नाही.

गेमशी संबंध नसलेल्या माणसाला मी दुसरी गोष्ट दाखवते. एखादा लांबलचक मराठी लेख उघडायचा आणि तो संथ, एकसारखा वर सरकवत ठेवायचा. एलसीडीवर सरकताना अनुस्वार शिरोरेषेत विरघळतात, रफार पुसट होतो, थांबल्याशिवाय वाचता येत नाही. इथे 85 हर्ट्‌झवर तोच लेख सरकता सरकता वाचता येतो, 'र्‍या'ची ती बारीक वळी आणि 'ळ'ची दोन पोटं सुटी दिसतात. माझ्या वडिलांनी हे पाहिलं त्या दिवसापासून घरात मॉनिटरचा विषय निघालेला नाही.

दुसरा फायदा असा, की याला स्वतःचे ठरलेले पिक्सेल नाहीत. 800 बाय 600 द्या, 1920 बाय 1200 द्या, दोन्ही तितकीच रेखीव दिसतात. कमाल 2304 बाय 1440, तेही 80 हर्ट्‌झला. मी मात्र 1920 बाय 1200 आणि 85 हर्ट्‌झवरच ठेवते.

उणी बाजूही खरीच आहे. उजेड जेमतेम 100 निट, त्यामुळे दुपारी खिडकी उघडी असेल तर एलसीडीच बरा. वीज दीडशे वॅटच्या आसपास खातो आणि उन्हाळ्यात खोली तापवतो. 60 हर्ट्‌झवर लावला तर लुकलुकतो, डोळे दुखतात. हल्लीचे 480 हर्ट्‌झचे ओलेड याच्या बरेच जवळ आलेत, पण त्यांना तितकी चित्रं सेकंदाला पुरवावी लागतात, आणि ते बहुतेक गेम्सना जमत नाही. म्हणून ईमेल, कोड, हिशेब हे सगळं मी शेजारच्या एलसीडीवर करते. ट्यूबचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) वापराने झिजतात आणि अशी नवी ट्यूब आता कुणी बनवत नाही. ज्या कामात तिचा उपयोग आहे, त्या कामालाच ती वापरायची. झीज कमी व्हावी म्हणून टास्कबार आपोआप लपणारा, मागचं चित्र काळं, आणि उठून गेलं की पडदा बंद.

जोडायचा कसा, हेही विचारतात. याला ॲनालॉग सिग्नल (जुन्या व्हीजीए केबलमधून जातो तो) लागतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये तो शेवटचा जीटीएक्स 900 मालिकेत होता. 2016 मध्ये पुढची मालिका आली त्यात तो गेला. मी अजून 900 मालिकेतलं 980 टीआय सांभाळून आहे. नव्या कार्डाला डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्तातले 1920 बाय 1200 ला 60 हर्ट्‌झच्या वर दमतात. घेताना तो किती मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल पाठवतो ते) झेपवतो ते बघा, नुसतं रिझोल्यूशन बघू नका.

आता पुण्याची गोष्ट, कारण ही कुठल्याही माहितीपुस्तकात मिळत नाही. न्यू जर्सीत रंग एकसारखे होते. इथे आणून लावला तर कोपऱ्यांत गुलाबी-हिरवट छटा. मॉनिटर बिघडला नव्हता, जागा बदलली होती. इलेक्ट्रॉनचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेही वळतो. न्यू जर्सीत मोकळी टांगलेली चुंबकसुई 60 अंशांहून जास्त खाली झुकते, आपल्याकडे 25-26 च्या आसपास. तेवढ्या फरकाने झोत फॉस्फरच्या ठरलेल्या रंगाच्या पट्टीवरून शेजारच्या रंगाच्या पट्टीवर घसरतो. चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला 1904 मध्ये हलवली गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेची मापनं बिघडली असती. घरातली ट्यूब तितकी नाजूक नाही, पण दुखणं त्याच जातीचं.

उपाय सोपा. आधी मॉनिटर ज्या दिशेला कायम तोंड करून राहणार तिकडे वळवा. मग अर्धा तास चालू ठेवून मेनूमधून डीगॉस करा, म्हणजे ट्यूबमधल्या धातूत बसलेलं चुंबकत्व निघून जातं. 'ठण्ण' असा आवाज येऊन चित्र थरथरतं, ते बरोबर. दुसऱ्यांदा करायचं तर किमान 20 मिनिटं थांबा. त्याआधी केलं तर पूर्ण ताकद लागत नाही. तरी कोपरे रंगीत राहिले तर मेनूत लँडिंग नावाची सोय आहे, चारही कोपरे वेगवेगळे सुधारता येतात. आणि स्टॅबिलायझर किंवा यूपीएस टेबलाखाली, मॉनिटरला चिकटून ठेवू नका. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमुळे चित्र सतत बारीक हलत राहतं आणि लोक ट्यूबला दोष देतात.

पडद्यावर दोन फिकट आडव्या रेषा दिसतात, त्याही बिघाड नाहीत. ट्रिनिट्रॉन, म्हणजे सोनीच्या या प्रकारच्या ट्यूबमध्ये, काचेमागे जाळीऐवजी उभ्या बारीक तारा तानपुऱ्यासारख्या ताणून बसवलेल्या असतात, आणि त्या कंप पावू नयेत म्हणून दोन आडव्या तारा. कडेला टिचकी मारली की चित्र शहारतं.

काचेवर परावर्तन कमी करणारी फिल्म आहे. तिला काच पुसायचा स्प्रे कधीही लावू नका. मऊ कोरडं कापड, फार तर किंचित ओलं. काही जण चरे पडलेली फिल्म सोलून काढतात. तसं केलं की अंधारात चित्र छान दिसतं, पण दिवा लावताच काळा रंग करडा होतो. माझ्या फिल्मवर दोन चरे आहेत आणि ती तशीच राहणार आहे.

या मॉनिटरचं नेहमीचं दुखणं म्हणजे जी2. ट्यूबमध्ये झोत ओढणाऱ्या या ग्रिडचा व्होल्टेज वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. काळा रंग राखाडी व्हायला लागतो, आणि फार चढला की पडद्यावर तिरप्या बारीक रेषा उमटतात. मेनूतली 'कलर रिटर्न' ही सोय आधी वापरून बघावी, अर्धा तास तापवून. तिने भागलं नाही तर सोनीच्या सर्व्हिस इंजिनिअरांसाठी असलेला विनडॅस हा प्रोग्रॅम, जुन्या विंडोजवर चालवून. मॉनिटरवर चार पिनांचा छोटा पोर्ट आहे, त्याला 5 व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल (कॉम्प्युटरच्या यूएसबीतून मॉनिटरशी बोलणारी) जोडायची. पहिलं काम म्हणजे मॉनिटरमधली सगळी मूल्यं फाइलमध्ये उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवायची. त्या फाइलमध्ये जी2 साठी एकच आकडा असतो. तो थोडासा कमी केला, फाइल परत मॉनिटरमध्ये भरली, की खोलीतला दिवा बंद करून बघत राहायचं: काळा भाग खरोखर काळा होतो आणि पडद्याची कड कुठे संपते ते कळेनासं होतं. पुढे काचेला रंगमापक सेन्सर लावून प्रोग्रॅम सांगेल तसे पांढऱ्याचे टप्पे जुळवायचे. सुट्टीची एक संध्याकाळ जाते, पण झाकण उघडावं लागत नाही.

झाकण मी उघडत नाही. आत 25 हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. पावसाळ्यात मागून 'सूंऽऽ' असा आवाज आणि ओझोनचा वास आला, तेव्हा लगेच बंद केला आणि जुन्या टीव्हीच्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी ट्यूब आधी डिस्चार्ज केली, मग ईएचटीच्या (उच्च दाबाच्या तारेच्या) टोपीखालची धूळ पुसली, बोर्डावरचे दोन ड्राय सोल्डर (सुटत आलेले जोड) नव्याने केले. "ताई, धुळीला ओल लागली की असं होतं, रोज थोडा वेळ चालवत जा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर तो रोज थोडा वेळ चालतोच.

तुमच्या माळ्यावर जुना ट्रिनिट्रॉन असेल, 17 इंची असला तरी, तर भंगारात घालण्याआधी कुणा जाणकाराला विचारा. उचलताना काचेची बाजू छातीकडे घ्या, सगळं वजन तिकडे असतं. आणि द्यायचाच असेल तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या. दारावरचा भंगारवाला मागच्या कॉइलमधल्या तांब्यासाठी ट्यूबची मान तोडतो, आणि मागच्या काचेत शिसं असतं.