धुळ्याच्या काळ्या मातीत तिरफळ

आमच्याकडे किराणा दुकानात तिरफळ मागितलं की हमखास त्रिफळा चूर्णाची डबी पुढे येते. दोघांचा काहीच संबंध नाही हो, त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, आणि तिरफळ हे कोकणातलं काटेरी झाड, लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातलं. बायकोचं माहेर कुडाळचं, तिथे बांगड्याच्या कालवणात तिरफळं पडतातच. फळं वाळून उकलली की आतलं काळं बी फेकून द्यायचं आणि नुसती टरफलं जराशी ठेचून शेवटी कालवणात टाकायची, मसाल्यात वाटायची नाहीत. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा जिभेला ज्या मुंग्या आल्या त्या पाणी पिऊनही जाईनात, आणि तेव्हापासून हे झाड आपल्या अंगणात हवंच असं डोक्यात बसलं.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी दोन रोपं दिली. दोन अशासाठी की यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फळं मादीलाच धरतात. आईने काटे पाहिले आणि म्हणाली, "हाई ते बाभूयच शे ना रे!" मी एक पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं, तेव्हा कुठे पटलं तिला.

चुकलो मी पहिल्याच पावसाळ्यात. कोकणात एवढा पाऊस पडतो म्हणजे याला पाणी मानवत असेल असं धरून चाललो, पण तिथल्या उतारावरच्या जांभ्या मातीतून पाणी निघून जातं, आपली काळी माती धरून ठेवते. ऑगस्टमध्ये झड लागली आणि एक रोप मुळापासून सडलं. फार जीव हळहळला. दुसरं त्याच दिवशी मातीसकट उचललं, मुरूम, शेणखत आणि थोडी काळी माती मिसळून फूटभर उंचवटा केला आणि त्यावर लावलं, ते जगलं. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो तेव्हा वर हिरवी नेट, बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचा थर, आणि पाणी फक्त संध्याकाळी.

लिंबावर येतात तशाच फुलपाखराच्या अळ्या यावरही येतात, मी मारत नाही, उचलून कढीपत्त्यावर सोडतो.

आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय, खोडावरचे काटे चांगले जाड झालेत. फूल अजून नाही, त्यामुळे राहिलेलं हे नर की मादी ते कळायला मार्ग नाही. म्हणून येत्या जूनमध्ये कुडाळहून अजून तीन रोपं आणतोय, उंचवटे आत्ताच करून ठेवलेत.